एलिसेओचा बाक

माझा नवरा त्या काळात घरात शोधून सापडायचा नाही. तो बागेत असायचा, लॉरेलच्या झाडाखालच्या सिमेंटच्या बाकावर. आहे की नाही हे बघायला बागेपर्यंत जावंही लागत नसे. बेकरीच्या रांगेत उभं राहिलं की त्याचा आवाज यायचा. बेसबॉलवर बोलणाऱ्यांच्या त्या जागेला आमच्याकडे गरम कोपरा म्हणतात. नवख्या माणसाला वाटावं, आता इथे डोकी फुटणार. कोणाचं काही फुटत नाही. जेवायची वेळ झाली की सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जातात आणि उन्हं कलली की पुन्हा भांडायला येतात.

एलिसेओ साखर कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद झाला आणि त्याला घरी बसवलं. उभं आयुष्य उभ्याने काम केलेला माणूस, त्याला कोणीतरी कागदावर सही करून सांगितलं, आता बस. मग तो बसला. कुठे? माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. मी तांदूळ कसे धुते, लसूण कशी ठेचते, घेवडा किती वेळ शिजवते, सगळ्यावर मत. मत म्हणजे काय, निकालच. मी वेडी व्हायची तेवढी बाकी होते. रात्री त्याला झोप नसायची, दिवसा त्याचे हात सारखे काहीतरी पिळत असायचे, कधी फडकं, कधी स्वतःचीच बोटं. मग एक दिवस तो बागेत गेला आणि बाकावर त्याला जागा मिळाली. तेव्हापासून तो माणसात आला, आणि खरं सांगायचं तर मीही आले.

त्याची मतं सगळ्या गावाला पाठ होती. मॅनेजर नावाचा प्राणी त्याला मुळात मान्यच नव्हता. तो म्हणायचा, "चांगला संघ कोणीही चालवेल, आणि वाईट संघ कोणालाच चालवता येत नाही, मग हा माणूस तिथे उभा राहून कान कशाला खाजवतो?" बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच पुढे सोडायचा, ज्याला बंट म्हणतात, तो प्रकार त्याच्या लेखी भित्र्यांचा. लीग संपल्यावर वरच्या चार संघांत होणाऱ्या प्लेऑफबद्दल तो म्हणायचा, लीग म्हणजे संसार आणि प्लेऑफ म्हणजे लग्नाचा दिवस. वर्षभर नीट वागलेली माणसं त्या एका दिवशी पाय घसरून पडतात आणि फोटोत तेवढंच येतं. आणि योसवानी, आमचा सगळ्यात मोठा फटकेबाज, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. योसवानीने बागेतल्या कारंज्यात थुंकलं असतं तरी एलिसेओ म्हणाला असता, पाहिलंत का मनगट?

आता यातली मेख ऐका. आमच्या संघाला, समुद्रकाठचे म्हणून, सगळे खेकडे म्हणतात, आणि त्या खेकड्यांचा मॅनेजर होता लिओविल्दो. माझा सख्खा धाकटा भाऊ. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय.

आमच्यासारख्या गावात मॅनेजरला लपायला जागा नसते. सकाळी रेडिओवर त्याचे वाभाडे निघतात आणि दुपारी तो पिशवी घेऊन पावाच्या रांगेत. मागच्या बाया म्हणणार, "लिओ, काल पिचर बदलायला काय झालं होतं? झोपला होतास का रे?" तो बिचारा मान खाली घालून पाव घ्यायचा. आणि दर रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचा. एका टेबलाशी तो, समोर एलिसेओ, मध्ये मी आणि भाताचं पातेलं.

तर त्या वर्षी डिसेंबरमध्ये आमचा संघ तळाला लागला होता. त्यात एका सामन्यात योसवानीने एक सोपा चेंडू जमिनीलगत मारला आणि पहिल्या बेसकडे धावायच्या ऐवजी तो चालत गेला. चालत! बाजारात निघाल्यासारखा. लिओने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढला आणि दुसऱ्या दिवसापासून राखीव खेळाडूंत बसवून ठेवला. गाव पेटलं. बाकावर तर आगच लागली.

"चाळीस टक्के संघ एका माणसात आहे, आणि हा त्याला बसवतो!" एलिसेओ ओरडत होता. "कशासाठी? धावला नाही म्हणून! अरे, सोन्याला कोणी धावायला लावतं का?"

माक्सिमिनो न्हाव्याला माझ्या नवऱ्याला डिवचण्याशिवाय दुसरा छंद नव्हता. तो म्हणाला, "मेहुण्याला घरात दोन शब्द सांगत जा की. का बायकोला भितोस?"

"मेहुणा घरी. इथे तो मॅनेजर."

"मग मॅनेजरने प्लेऑफ गाठली तर?"

त्यावर एलिसेओ उभा राहिला. हे मला नंतर जो भेटला त्याने सांगितलं, आणि प्रत्येकाने अगदी त्याच शब्दांत सांगितलं. "लिओविल्दोने हा संघ प्लेऑफला नेला, तर मी या बाकावरून उठेन आणि मरेपर्यंत परत त्यावर बसणार नाही."

बाकावर सगळ्यांत वयस्क क्रेसेन्सिओ. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "ऐकलं."

इतर गावांत काय करतात मला माहीत नाही. आमच्या कोपऱ्यावर लोक दिवसभर वाट्टेल ते बरळतात आणि कोणी मनावर घेत नाही. पण क्रेसेन्सिओने टोपी काढून "ऐकलं" म्हटलं की तो शब्द पक्का. मोडायला कोणी अडवत नाही म्हणा. मोडा, खुशाल येऊन बसा. फक्त तुम्ही काही बोललात की कोणी उत्तर देत नाही. भांडणाच्या जागी बसायचं आणि भांडायला कोणी नाही. फर्मिन नावाच्या माणसाने असाच एक शब्द गमावला होता, तो अजूनही बेकरीला मागच्या गल्लीने जातो.

मला हे कळलं तेव्हा मी हसले. तळाला लागलेला संघ, त्याला कुठली प्लेऑफ?

जानेवारीत खेकडे जिंकायला लागले. योसवानीशिवाय. लिओने कोवळी पोरं घेतली होती. ती मोठे फटके मारत नव्हती, पण चेंडूला बॅट लागली रे लागली की मागे कुत्रं लागल्यासारखी धावायची. बंट करायची, नजर चुकवून पुढचा बेस चोरायची, समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरला रडकुंडीला आणायची. फेब्रुवारीत आम्ही वर सरकलो. मार्चमध्ये चौथ्या जागेसाठी आम्ही आणि पूर्वेकडचा एक संघ, असे दोघेच उरलो. प्लेऑफमध्ये चौघेच जातात.

गाव नाचत होतं आणि माझा नवरा वाळत चालला होता.

तुम्हाला कसं सांगू? लहानपणापासून हा माणूस या संघासाठी रडलाय. आमच्या लग्नाच्या दिवशी सामना हरले म्हणून फोटोत त्याचं तोंड उतरलेलं आहे, आणि माझ्या आईला मरेपर्यंत वाटत होतं की याला मी पसंत नव्हते. आता रेडिओवर संघातल्या एखाद्या पोराने धाव काढली की तो मुठी आवळून अर्धवट उठायचा आणि तसाच पुन्हा खाली बसायचा. ओरडता येत नव्हतं, गप्प राहवत नव्हतं. त्याने टेबल फॅन उघडला, साफ केला, जोडला, पुन्हा उघडला. कोंबड्यांना दिवसातून किती वेळा दाणे टाकायचा याला सुमार नव्हता, त्या लठ्ठ झाल्या. बागेत जायचा, पण तासाभरात परत यायचा. तिथे माक्सिमिनो टपलेलाच असायचा. "एलिसेओ, तुझी जागा बसून बघितली रे. माझ्या पाठीला झकास बसते."

एकदा मी विचारलंच. "तुला आपण हरायला हवंय का?"

"नोएमी, असलं तोंडातून काढू नकोस."

"मग जिंकायला हवंय?"

त्याने दाण्यांचा डबा उचलला आणि परसात निघून गेला. मी त्याच्या मागे गेले. मी काही सोडणारी नाही. "जा, आणि सांग त्यांना की रागाच्या भरात बोललो. माणूस बोलतो रागात."

"आणि मग तिथे बसून काय करू? शेंगा सोलू? माझ्या बोलण्याला उद्या कोण विचारेल?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि तिथून उठलो तर कुठे जाऊ, सांग. परत तुझ्या दारात?"

मला भीती वाटली. त्याचीही आणि त्या दाराचीही. कारखाना सुटल्यानंतरचे ते महिने मी विसरले नव्हते.

शेवटचा सामना मंगळवारी दुपारी होता, आमच्याच मैदानावर, त्याच पूर्वेकडच्या संघाशी. दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल तो पुढे. त्याआधीच्या रविवारी लिओ जेवायला आला. मी डुकराचं मांस मिळवलं होतं, कसं ते विचारू नका. सोबत युकाचे उकडलेले कंद, काळा घेवडा, तळलेली केळी. आणि लिओ पावाच्या गोळ्या करत बसला होता.

डिसेंबरपासून हे दोघं एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

"नोएमी, तुझ्या भावाला विचार, मंगळवारी योसवानीला खेळवणार का?"

"तो तुझ्या समोर बसलाय."

"विचार तू."

लिओ म्हणाला, "नोएमी, त्याला सांग, खेळवणार. पहिल्या डावापासून. गाव तेच मागतंय, वरून फोन आलाय, आणि या घरातही डिसेंबरपासून तेच चाललंय. झालं ना समाधान?"

एलिसेओने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी खवचट बोलणार. तो लिओकडे बघत होता. सरळ त्याच्याकडे.

"खेळवू नकोस," तो म्हणाला.

मी केळ्यांची बशी हातात धरून तशीच उभी.

"पहिल्यापासून उतरवलास तर तो पोरगा काय करेल? आपण किती मोठे ते दाखवायला जाईल. पहिल्याच चेंडूला आभाळात मारेल आणि पकडला जाईल. त्याला बसव. बाकीचे धावताना त्याला बघू दे. गाव शिट्ट्या मारून हुर्यो करेल, करू दे. बसवलेला माणूस आतून कसा उकळतो ते मला विचार, लिओ. आणि शेवटी, अगदी नाकातोंडाशी आलं की त्याला उठव. भाषण देऊ नकोस. नुसती बॅट दे हातात."

लिओने हातातली पावाची गोळी बशीत टाकली. "आणि नाही चाललं तर? मला या गावात राहू देतील?"

"मग इथे ये राहायला. नोएमी भात बरा करते."

इतक्या वर्षांत माझ्या भाताबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द.

"एलिसेओ," लिओ हळूच म्हणाला, "तुला कळतंय ना तू काय सांगतोयस? आम्ही जिंकलो तर तुझं ते बागेतलं..."

"जेव. गार होतंय." मग तो आम्हा दोघांकडे बघून म्हणाला, "आणि हे या टेबलावरच राहील. बाकावरचा माणूस मॅनेजरला शिकवतो असं गावाला कळलं, तर उद्या तुझा पिचर तुझं ऐकणार नाही आणि परवा वरचे तुला हाकलतील. नोएमी, तूसुद्धा."

मी मान हलवली. आता लिओ मॅनेजर नाही, त्याच्या जागी दुसराच कोणी शिव्या खातोय, म्हणून मी हे बोलतेय.

मंगळवारी अर्धं गाव मैदानावर आणि उरलेलं रेडिओजवळ. एलिसेओ मैदानावर गेला नाही, बागेतही नाही. "माझं तोंड बघायला बसलेत ते. नाही दाखवायचं मला." वीज गेलेली. बॅटरीवरचा रेडिओ मी खिडकीत ठेवला आणि घेवडा निवडायला घेतला. तो फॅन उघडून बसला. चालूच नसलेला फॅन.

तिसऱ्या डावापासून लोक योसवानीच्या नावाने ओरडायला लागले. पाचव्यात शिट्ट्या. सातव्यात आम्ही एका धावेने मागे पडलो आणि रेडिओवरचा माणूस म्हणाला की मॅनेजरला झालंय तरी काय, याचा खुलासा गावाला हवा आहे. मी एलिसेओकडे बघितलं. तो एकच स्क्रू आत-बाहेर, आत-बाहेर करत होता.

"चुकलं का रे आपलं?" मी म्हटलं.

"गप्प."

नववा डाव. आमची शेवटची संधी. दोन जण बाद, दोन जण बेसवर, एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या. आणखी एक गडी बाद झाला की सगळं संपलं. आणि रेडिओवरचा माणूस किंचाळला की लिओविल्दो उठलाय, राखीव खेळाडूंकडे गेलाय, त्याने बॅट उचललीय आणि योसवानीच्या हातात दिलीय, आणि काही बोललेला नाही, पाठ फिरवून परत आलाय.

एलिसेओ उभा राहिला.

पहिला चेंडू योसवानीने सोडला. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आता याला नक्की काय हवंय? दुसरा चेंडू बाहेरून गेला. एलिसेओचे ओठ हलत होते. मी पुढे झुकून ऐकलं.

"मार, पोरा," तो म्हणत होता. "मार रे. मार."

योसवानीने मारला. आभाळात नाही, खाली, डावीकडच्या दोघांच्या मधून, आणि मग तो धावला. त्याला धावायची गरजही नव्हती, बेसवरची दोन्ही पोरं शेवटच्या बेसला पोचून जिंकायच्या धावा झाल्या होत्या, पण रेडिओवरचा माणूस सांगत होता की तो धावतोय, धावतोय, अजून धावतोय. मैदानावरची आरोळी थेट आमच्या खिडकीतून आत आली. एलिसेओने मला उचललं. या वयात! स्क्रूड्रायव्हर माझ्या पाठीत टोचत होता, तो रडत होता आणि मीही. घेवडा सगळा जमिनीवर.

मग त्याने मला खाली ठेवलं, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "झालं."

थोड्या वेळाने म्हणाला, "माझा निळा सदरा इस्त्रीचा आहे का?"

"वीज नाही."

"आल्यावर कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला. बायका काही त्या कोपऱ्यावर जात नाहीत, पण मी थर्मासमध्ये कॉफी भरली आणि सोबत गेले. रीतच आहे, जाणारा माणूस शेवटचा बसतो, सगळ्यांबरोबर कॉफी घेतो आणि उठतो. बाक भरलेला होता. त्याची जागा तेवढी मोकळी. माक्सिमिनोसुद्धा बाजूला सरकला होता.

कॉफी झाली. एलिसेओ उठायला लागला तसा माक्सिमिनो चुळबुळला. "अरे, बस रे. चेष्टा होती सगळी. म्हातारबा, सांगा ना याला."

एलिसेओ उठला. क्रेसेन्सिओने टोपी काढली. "पाहिलं."

आता हे अवघडलेपण माक्सिमिनोला सोसेना. त्याने हसून घ्यायला तोंड उघडलं. "जाता जाता एक तरी कबूल कर, गड्या. आठ डाव त्या पोराला बसवून ठेवायचं, गावाच्या शिट्ट्या खायच्या आणि शेवटी उठवायचं, हे तुला सुचलं असतं का? तू तर त्याला पहिल्याच डावात उतरवला असतास!"

सगळे हसले. हायसं वाटल्यासारखे हसले. माझ्या हातात थर्मास होता आणि तो मी माक्सिमिनोच्या टकलावर घालायच्या बेतात होते. माझं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात एलिसेओने माझ्याकडे बघितलं. प्लेऑफ शनिवारपासून होती. मी जीभ दातांत धरली.

"नसतं सुचलं," माझा नवरा म्हणाला. "लिओला डोकं आहे. माझ्यापेक्षा जास्त."

बाकावरच्यांनी त्याच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं तो तिथे आपलंच बरोबर म्हणून भांडला, आणि खरोखर बरोबर ठरला तेव्हा दुसऱ्याचं नाव घेऊन उठला. मला त्याचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की रडू की ओरडू कळेना.

आम्ही मागच्या गल्लीने घरी आलो. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, बसला नाही. मी टेबलाखालचं स्टूल ओढून दारात ठेवलं.

"तोंड उघडलं होतंस तू," तो म्हणाला.

"आणि मिटलं. जीभ चावलीय, रक्त आलंय."

"बघू."

मी जीभ काढून दाखवली. तो हसला, मोठ्याने हसला, आणि हसता हसता स्टुलावर बसला. त्याच्या खांद्यांचं हसणं थांबलं नाही, पण ते आता हसणं नव्हतं. मी त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरलं.

"नोएमी," तो माझ्या एप्रनमध्ये तोंड घालून म्हणाला, "मी बरोबर सांगितलं होतं, नाही का?"

"बरोबर सांगितलं होतंस," मी म्हटलं. "अगदी बरोबर."

तांदूळ धुवायचे राहिले होते. त्याने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.